ब्राझिलियाचा मागचा दरवाजा

मी मागचा दरवाजा बोलतोय. हो, मागचाच. उगाच मोठेपणा सांगायची मला सवय नाही. ब्राझिलियाची चित्रं तुम्ही कुठेतरी पाहिली असतील. पांढरीशुभ्र सभागृहं, काचेची मंत्रालयं, मैलभर हिरवळ. त्यात मी कुठेही सापडायचा नाही. विमानाच्या आकारात आखलेल्या या शहराच्या दक्षिण पंखातल्या अकरा दुकानांच्या एका रांगेत, रस्त्याच्या अंगाला, हिरवा रंग उडालेला आणि लाथा खाऊन खाली पोचे पडलेला एक दरवाजा आहे, तो मी. साठाहून जास्त वर्षं एका जागी उभा आहे. हे शहर मी जितकं जवळून पाहिलंय तितकं ते आखणाऱ्यांनीही पाहिलेलं नाही, हे मात्र छाती ठोकून सांगतो.

माझा जन्म घाईगर्दीतला. राजधानी समुद्रकाठावरून उचलून देशाच्या मध्यावर आणायची, असं वरून ठरलं होतं आणि उद्घाटनाची तारीखही जाहीर होऊन गेली होती. इथं होतं काय तर लाल माती, खुरटी झुडपं आणि ट्रकांत बसून चारी दिशांनी आलेली माणसं. मुलीच्या लग्नाची तारीख धरून घर बांधायला काढतात ना, तशातली गत. भिंत ओली असतानाच रंगारी शिडी लावून उभा राहायचा आणि रंग ओला असतानाच कोणीतरी खुर्च्या आणून टाकायचा.

माझा सुतार जेनोबियो. सेआराच्या दुष्काळी मुलखातून आलेला, बोलायला कमी आणि करवतीला तेज. त्याला शेकडो दरवाजे करायचे होते आणि लाकूड संपलं होतं. मग त्यानं मंत्रालयांच्या बांधकामावरून काँक्रीटच्या साच्याच्या जुन्या फळ्या उचलून आणल्या. म्हणजे मंत्रालयाचा खांब ओला, लिबलिबीत होता, तेव्हा त्याला कवेत धरून उभं ठेवणाऱ्या फळ्यांचा मी. खांब वाळला, ताठ झाला, मोठा माणूस झाला, आणि फळ्या बाजूला फेकल्या गेल्या. जगाची रीतच आहे, माझी तक्रार नाही. जेनोबियोनं मला बाहेरून पत्रा ठोकला, आत जाडजूड कडी बसवली आणि दुकानाच्या मागच्या चौकटीत उभा केला.

पुढच्या चौकटीत माझा धाकटा भाऊ आला. तो काचेचा. साओ पाउलोहून पेंढ्यात आणि कागदात गुंडाळून आणलेला. त्याला उतरवताना सहा माणसं श्वास रोखून उभी होती. मला उतरवताना एकानं विडी पेटवली होती.

त्याच दिवशी ओतासिलियो नावाचा एक तरुण अभियंता तिथं आला. आमच्याकडे शिकलेल्या माणसाला डॉक्टर म्हणतात, त्याला साधी सर्दी बरी करता आली नाही तरी चालतं. तर हे डॉक्टर ओतासिलियो काखेतली नकाशाची गुंडाळी जमिनीवर पसरून जेनोबियोला समजावून सांगू लागले.

"ही काचेची बाजू पुढची. राहत्या इमारतींकडं तोंड केलेली. बायाबापड्या झाडांखालून चालत येतील, पोरं पुढं पळतील, गाडीची भीती नाही. आणि ही मागची. इथं रस्ता. ट्रक येईल, माल उतरवेल, जाईल. माणसाचं इथं काही काम नाही."

जेनोबियोनं मान वर करून पाहिलं. "झाडं कुठायत, डॉक्टर?"

"येतील."

"आणि माणूस झाडांच्या आधी आला तर?"

"म्हणजे?"

"काही नाही. आमच्याकडं माणूस आधी येतो, म्हणून विचारलं."

डॉक्टर रागावले नाहीत. माणूस चांगला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर ती झाडं खरंच उभी होती, त्यांची सावलीसुद्धा पडत होती. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, हे जेनोबियोला कळलं आणि त्यानं माझ्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

दुकान मिळालं दोना एर्मेलिंदाला, दोना म्हणजे आमच्याकडं बाई. मिनासमधल्या एका गावची, पन्नाशीची विधवा. तिच्या नवऱ्याचं गावात चौकाच्या कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. तो गेला आणि दुकान, घर, अंगणातलं संत्र्याचं झाड, सगळं दिराकडं गेलं. ती दिराच्या स्वयंपाकघरात राहिली. दोन वर्षं तिनं ताटातलं मीठसुद्धा विचारून घेतलं. नव्या राजधानीत दुकानं देतायत असं कळल्यावर तिनं अर्ज केला, आणि मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी कोणालाही न विचारता तिनं भातावर दोनदा मीठ घातलं. हे तिनंच पुढं हसत हसत सांगितलं. इथून परत जायचं म्हणजे त्याच स्वयंपाकघरात जायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

बाई नियमाला घाबरणारी. नकाशात काच पुढं म्हणून तिनं काच पुसून लख्ख केली, गल्ला त्या बाजूला मांडला, चीज घातलेले गरम पाव टोपलीत रचले आणि झाडांकडं तोंड करून बसली. झाडं म्हणजे सुतळीनं बांधलेल्या काठ्या होत्या. तीन महिने त्या काठ्या तिच्याकडं बघत होत्या आणि ती काठ्यांकडं. इमारतीतल्या बाया नवऱ्याच्या गाडीत बसून दूरच्या मोठ्या बाजाराला जायच्या. झाडांखालून चालत यायला झाडं तरी हवीत ना.

गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. ते माझ्या बाजूला होतं. बसथांबा रस्त्यावर, म्हणजे माझ्या नाकासमोर. तिथं पहाटेपासून माणसं उभी असायची. मोलकरणी, गवंडी, शिपाई, परिचारिका. लाल धूळ खात, पोटात काही नाही, आणि माझ्या फटींतून कॉफीचा वास येतोय. काय करतील बिचारी?

सगळ्यात आधी लिंदाल्वा आली. ती एका मंत्रालयात फरशी पुसायची, आणि तान्ही मुलगी कायम कडेवर. आमच्याकडं दार वाजवत नाहीत. बाहेर उभं राहून तीन टाळ्या वाजवायच्या आणि हाक द्यायची. तिनं टाळ्या वाजवल्या. "घरात कोण आहे?"

"पुढून या," एर्मेलिंदा आतून म्हणाली.

"पुढून म्हणजे कुठून, दोना?"

"रांगेला वळसा घालून, काचेच्या बाजूनं."

"आणि तेवढ्यात माझी बस गेली तर?"

 एर्मेलिंदानं माझ्यावर एक पाटी लावली, 'प्रवेश पलीकडून', खाली बाणसुद्धा काढला. माणसं यायची, पाटी मोठ्यानं वाचायची, समजल्यासारखी मान हलवायची आणि टाळ्या वाजवायची. पाटीचा उपयोग एवढाच झाला की बस येईपर्यंत लोकांना वाचायला काहीतरी मिळालं.

एके सकाळी टाळ्या ऐकून ऐकून बाईचं डोकं उठलं आणि तिनं माझी कडी काढली. लिंदाल्वानं उंबऱ्यावर उभं राहून कॉफी घेतली, पोरीच्या हातात पावाचा तुकडा दिला आणि बसमध्ये चढली. दुसऱ्या दिवशी सहाजण होते. आठवड्याभरात उंबऱ्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. महिन्याभरात एर्मेलिंदानं गल्ला उचलून माझ्या बाजूला आणला, आणि घेवड्याची पोती नेऊन काचेला टेकवली.

धाकट्याला ते फार लागलं. तोंड पोत्यांनी झाकलेलं, दिवसभर नुसता घेवड्याचा वास. मी त्याला समजावलं, बाबा रे, तू देखणा आहेस, पण बसथांबा माझ्याकडं आहे. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आमच्या शहराला कोपरा नाही, असं लोक म्हणतात. रस्ते गोल वळतात, एकमेकांच्या पोटाखालून जातात, पण एकमेकांना छेदत नाहीत. त्यामुळं दोन माणसांनी उभं राहून तिसऱ्याची निंदा करायची कुठं, हा मोठाच प्रश्न होता. तो माझ्या उंबऱ्यावर सुटला. एर्मेलिंदाचं बघून शेजारच्या दुर्वाल न्हाव्यानंही खुर्ची फिरवली. मग चांभार, मग औषधवाला. बघता बघता रस्त्याच्या बाजूला तागड्या आल्या, छत्र्या आल्या, गप्पा आल्या. मागची बाजू म्हणून जी आखली होती तिथं लोक न्हाऊनधुऊन, केस विंचरून येऊ लागले.

आणि मग डॉक्टर ओतासिलियो आले. आता ते नकाशाची राखण करणाऱ्या एका कार्यालयात होते. शहर कागदाप्रमाणं राहतंय की नाही, हे बघायचं त्यांचं काम. ते आमच्या दुकानात शिरले, पोत्यांआडच्या काचेकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"दोना एर्मेलिंदा, तुम्ही दुकान उलटं घातलंय."

"बनियन आहे का ते, डॉक्टर?"

"हसण्यावारी नेऊ नका. शिवणीची बाजू तुम्ही जगाला दाखवताय. पुढं बाग आहे."

"बाग माझ्या गुडघ्याएवढी आहे."

"वाढेल ना."

"तोवर मी काय खाऊ?"

 डॉक्टरांना वाईट वाटत होतं, पण माणसाला वाईट वाटलं म्हणून कार्यालयाचा कागद काही कोरा होत नाही. तीस दिवसांत मागचा दरवाजा गिऱ्हाइकांना बंद झाला पाहिजे, नाहीतर दुकानाची मंजुरी रद्द. तसं लिहिलेला कागद त्यांनी गल्ल्यावर ठेवला आणि मान खाली घालून निघून गेले. रांगेतली पहिली तक्रार आमच्याविरुद्ध गेली होती, म्हणून पहिला कागद आम्हाला.

दुर्वाल म्हणाला, "अगं, असले कागद येतात नि जातात. मी तर तुझ्यामागोमाग उलटा झालो, माझं कोणी काय केलं?"

"तुला परत जायला आईचं घर आहे," एर्मेलिंदा म्हणाली. "माझ्याकडं दीर आहे."

तिनं माझी कडी लावली आणि वर एक पिंप लोटून ठेवलं. पोती हलवली, काच धुतली, गल्ला पुन्हा पलीकडं नेला. माणसं येऊन टाळ्या वाजवायची, ती आतून म्हणायची, पुढून या. सुरुवातीला चारदोन जण वळसा घालून आले. मग कोणी येईना. लिंदाल्वा एकदा माझ्या पत्र्याला तोंड लावून म्हणाली, "दोना, बरी आहेस ना?" एर्मेलिंदा पिंपापाशी येऊन त्यावर हात ठेवून उभी राहिली. बस आली, लिंदाल्वा गेली. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. दरवाज्याला बंद राहायचं दुःख नसतं, अर्धं आयुष्य आम्ही बंदच असतो. पण दोन्हीकडं माणूस उभा आहे आणि मध्ये आपण, हे काही बरं नव्हे.

विसाव्या दिवशी तिनं टोपलीतले शिळे पाव मोजायचे सोडून दिले. पंचविसाव्या दिवशी तिनं दिराला पत्र लिहिलं, घडी घातली आणि झग्याच्या खिशात ठेवलं. तपासणी झाली की टाकायचं.

तिसावा दिवस उजाडला. ऑगस्टचे दिवस, म्हणजे आमच्याकडचा सुका हंगाम, चार महिन्यांत पावसाचा थेंब नाही, ओठ फुटावेत असं कोरडं वारं. रस्त्यावर एक मोटार थांबली. कोणीतरी उतरलं, माझ्यासमोर येऊन उभं राहिलं आणि तीन टाळ्या वाजवल्या.

"घरात कोण आहे?"

"पुढून या," एर्मेलिंदा आतून म्हणाली.

 बाहेरून घसा खाकरल्याचा आवाज. "दोना एर्मेलिंदा, मी ओतासिलियो. तपासणीला आलोय."

"ओळखलं, डॉक्टर. पुढून या. हा दरवाजा बंद आहे. तुमचाच हुकूम."

काय करतील? निघाले वळसा घालायला. पुढची हकिगत मला दिसली नाही, पण दुर्वालनं ती पुढं तीस वर्षं माझ्या चौकटीला टेकून इतक्यांना सांगितली की मला पाठ आहे. डॉक्टर रांगेच्या टोकाला गेले, पलीकडं वळले आणि गोंधळले. दुकानांचे आकडे सगळे रस्त्याच्या बाजूला. काचेच्या बाजूला अकराच्या अकरा काचा सारख्या, आणि बहुतेकींच्या आतून कपाटांच्या पाठी टेकलेल्या. त्यांनी एका काचेवर टकटक केली. आतून आवाज आला, "मागून या." दुसरीवर केली. "मागून या की हो, इथं खोकी आहेत." वाऱ्यानं टोपी उडाली, ती धरायला ते काठ्यांमधून धावले, परत आले ते कितवं दुकान हे विसरून. मग दुर्वालच्या काचेवर टकटक झाली. दुर्वाल एकाच्या गालाला साबण लावत होता.

"मागून या!"

"मी कार्यालयातून आलोय."

"मंत्री असलात तरी मागून या. इकडून दार उघडत नाही."

विचारायला तिथं चिटपाखरूही नव्हतं. शेवटी एकच काच उघडी दिसली. आत गल्ल्यामागं हाताची घडी घालून एर्मेलिंदा बसली होती, महिनाभर बसली होती तशीच. डॉक्टरांची पँट गुडघ्यापर्यंत लाल झालेली, पापण्यांवर धूळ. तिनं काही न विचारता पाणी दिलं, मग कॉफी दिली. ते घेवड्याच्या पोत्यावर बसले.

"टाळ्या कुणी शिकवल्या?" तिनं विचारलं.

"आजीनं. गोयासमधल्या गावात." मग ते एकदम ओशाळले. "मी... रस्त्यावरून आलो म्हणून सरळ..."

"सगळे तसेच येतात, डॉक्टर."

त्यांनी कप रिकामा केला. मग हळूच म्हणाले, "तीन वर्षं मी ही बाजू कागदावर रेखाटलीय. एकेक झाड. पण आजपर्यंत चाललो नव्हतो इथून." मग बोटांवर दुकानं मोजली. "एक दुकान उलटं असेल तर दुकानदाराची चूक. दहा असतील तर?"

"तर कागद उलटा धरलाय का बघावं."

ते हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळं धुळीचं नव्हतं. एर्मेलिंदालाही ते दिसलं. ती मवाळ आवाजात म्हणाली, "झाडं वाईट आहेत असं मी कधी म्हटलं का? येऊ देत, मोठी होऊ देत. मला फक्त परत जायचं नाही." तिनं खिशातलं पत्र काढून गल्ल्यावर ठेवलं. "दिराला लिहिलंय. तुम्ही काय लिहिता ते बघायचं आणि टाकायचं."

डॉक्टरांनी पत्राकडं पाहिलं. मग फाईल उघडली आणि लिहायला घेतलं. कार्यालयात राहून त्यांना लिहिताना मोठ्यानं म्हणायची सवय लागली होती. "पाहणी केली. मागील दरवाजा बंद आढळला. त्यावर पिंप ठेवलेले आढळले. सूचनेचे पालन झाले आहे. प्रकरण निकाली." सही केली, शिक्का मारला, फाईल मिटली.

"म्हणजे आता कायम पुढूनच?" एर्मेलिंदाचा आवाज बारीक झाला होता.

"मी खोटं लिहीत नाही, दोना. आज जे दिसलं ते लिहिलं. निकाली निघालेलं प्रकरण आमच्याकडं कोणी परत उघडत नाही, उघडायचं तर कोणीतरी पुन्हा तपासणीला यावं लागेल. या रांगेच्या तपासणीला येणारा माणूस मी."

त्यांनी टोपी घातली. मोटार रस्त्यावर उभी होती. त्यांनी काचेपलीकडच्या उन्हाकडं बघितलं, त्या लाल धुळीकडं बघितलं, मग वळून माझ्याकडं बघितलं. सरळ आले, स्वतःच्या हातानं पिंप बाजूला लोटलं, माझी कडी काढली आणि माझ्यातून बाहेर पडले. जाताना मला मागं ओढून घ्यायचं विसरले.

थांब्यावरच्या माणसांनी मला सताड उघडा पाहिलं. रांगेतून आधी लिंदाल्वा निघाली, तिच्यामागून एक गवंडी, मग बाकीची. एर्मेलिंदा पदरासारखा एप्रन तोंडाला लावून रडली, नाक पुसलं, पत्र चुलीत घातलं आणि त्यावर कॉफीचं पाणी ठेवलं.

डॉक्टर पुढं दर शनिवारी यायचे, रस्त्याकडून. "बंद आहे ना?" म्हणून मला थोपटायचे. "कडेकोट," एर्मेलिंदा आतून म्हणायची. झाडांच्या बाबतीत मात्र त्यांचंच खरं झालं. ती वाढली, आणि काय वाढली. म्हातारपणी एर्मेलिंदा दुपारची काचेबाहेर खुर्ची टाकून सावलीत घेवडा सोलत बसायची आणि म्हणायची, "या माणसाला सावली कळली होती हो, फक्त बस कळली नव्हती." धाकट्याला त्या दिवसांत फार बरं वाटायचं, म्हणून मीही काही बोललो नाही.

आता ती दोघंही नाहीत. दुकान लिंदाल्वाची ती कडेवरची मुलगी चालवते, जुरेमा. तिलाही गुडघेदुखी सुरू झालीय. शहर आता जगाचा ठेवा म्हणून जपलं जातं, नकाशातली रेघही हलवायची सोय नाही. दूरदूरचे विद्यार्थी झाडांच्या बाजूला उभे राहतात, काचेचे फोटो काढतात, अहाहा म्हणतात. मग तहान लागते आणि वळसा घालून माझ्याकडं येतात.

अजूनही कुठं कुठं नव्या राजधान्या आखणं चालू आहे म्हणे. आखणाऱ्यांना माझं एवढंच मागणं, कागद गुंडाळण्याआधी एकदा पायी चालून बघा, शक्यतो ऑगस्टात. बाकी मला कसली खंत नाही. माझी फाईल कोणी उघडलेली नाही, ती कुठल्यातरी कपाटात शिक्क्यासकट पडून आहे, आणि सरकारदरबारी मी आजही बंद आहे. तुम्ही तिकडं लक्ष देऊ नका. हलकंच ढकला आणि आत या.